अपघाताची भरपाई आणि व्यावसायिकांचे इमान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, याबद्दल मी त्यांचा व कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्च अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. मी तर मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. तथापि मी निवृत्त झाल्यापासून समाजातील पुष्कळ मंडळी आपापले कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि त्यांत अपघाताचे कागद वारंवार असतात. त्या निमित्ताने न्यायालयांचे जे निर्णय वाचावे लागले, त्यांतील काही आपल्यापुढे ठेवावेत असा माझा मानस आहे.

विषयाची दोन अंगे आहेत. कामावर असता दुखापत अथवा मृत्यू झाल्यास मिळणारी भरपाई हे पहिले अंग. आणि ती भरपाई मिळवून देण्याच्या कामी ज्यांच्यावर आपण विश्वास टाकतो, त्या डॉक्टर-वकिलांची वर्तणूक हे दुसरे. वरवर पाहता ही अंगे निराळी वाटतात. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष हात गमावून बसला आहे, त्या घराला ती एकाच दोरीची दोन टोके आहेत हे लवकरच कळून येते. हक्क कायद्याने दिला तरी तो हाती पडेपर्यंत मध्ये दोन-तीन शिकलेल्या माणसांचे हात असतात, आणि ते हात स्वच्छ नसतील तर हक्काचा कागद कागदच राहतो.

आपण जातीने सुतार. वाकस, पटाशी, रंधा ही आपल्या पूर्वजांची हत्यारे. त्यांनी फार तर बोट कापत असे. आज आपली मुले लाकडाच्या वखारीत चक्री करवतीवर उभी असतात, इमारतींच्या परांचीवर चढतात, कंत्राटदाराच्या हाताखाली फर्निचरची कामे करतात. यंत्र क्षणात पंजा नेते. यास्तव हा विषय आपल्या ज्ञातीच्या जिव्हाळ्याचा आहे, हे मी निराळे सांगावयास नको.

प्रथम कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तत्पूर्वी जखमी कामगाराला मालकाची चूक शाबीत करावी लागे, आणि गरिबाला ते कोठून साधणार? नव्या कायद्याने तत्त्वच बदलले. ज्याच्या धंद्यासाठी माणूस धोका पत्करतो, त्या धंद्याने त्या धोक्याची किंमत सोसावी. मालकाची चूक असो वा नसो. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली व हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. कायद्याचे नाव बदलले तरी तत्त्व तेच राहिले. म्हणून शंभर वर्षांत न्यायालयांनी या तत्त्वाचा जो अर्थ लावला, तो आजही आपणास मार्गदर्शक आहे.

कायद्याचे शब्द असे, की अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेला असावा. शब्द लहान आहेत. परंतु त्यांवर वाद अपार झाले. सौराष्ट्रातील एका मिठागराचे कामगार १९५२ साली काम आटोपून खाडीतून नावेने घरी परतत असता नाव उलटली व काही जण बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली असे ठरविले, की कामाची जागा व कामाची वेळ काही मर्यादेपर्यंत पुढेमागे ताणता येते, परंतु सर्वांना खुल्या असलेल्या नावेपर्यंत ती ताणता येत नाही. त्या कुटुंबांना भरपाई मिळाली नाही.

यानंतरचा निर्णय आपल्या मुंबईचा आहे. १९५७ च्या जुलैमध्ये बेस्ट उपक्रमाचा एक चालक जोगेश्वरीच्या आगारात आपली गाडी लावून, उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. ती बस उभ्या लॉरीवर आदळली, तो बाहेर फेकला गेला आणि काही दिवसांनी मरण पावला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बाराव व आपले मराठी न्यायमूर्ती मुधोळकर यांचे बहुमत पडले, की चालकाने वेळेवर यावे व ताजेतवाने यावे यासाठीच त्याला उपक्रमाच्या बसमधून जाण्याचा हक्क दिलेला होता. सबब तो प्रवास नोकरीच्याच ओघातला होय. न्यायमूर्ती रघुबर दयाळ यांनी भिन्न मत दिले. त्याच्या विधवेला भरपाई मिळाली.

पुरावा नसला म्हणजे सहानुभूती असूनही दावा कसा कोसळतो, याचे उदाहरण १९६९ चे आहे. आखातात गेलेल्या एका जहाजावरील खलाशी १९६१ च्या डिसेंबरात रात्रीतून नाहीसा झाला. त्याला कोणी पडताना पाहिले नव्हते. उच्च न्यायालयाने भरपाई दिली. पण सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की परिस्थितीवरून अनुमान काढता येते, मात्र समंजस माणसाला पटेल इतका आधार तरी लागतो. नुसत्या तर्कावर निकाल देता येत नाही. या निर्णयापासून घेण्याचा धडा हा, की अपघात घडताच साक्षीदारांची नावे, वेळ, जागा व काम यांची नोंद झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी यंत्र धुतले जाते, आणि आठवड्याने साक्षीदाराची स्मृतीही.

सर्वांत अलीकडचा निर्णय मराठवाड्यातला आहे. एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला. कारखाना सुमारे ५ किलोमीटरवर असता अपघातात त्याचा अंत झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद येथील आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा हुकूम पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच मानावा, असे त्यांनी सांगितले. नव्या संहितेत तर हे कलमच घातले आहे. पण बंधूंनो, २००३ ते २०२५ या २२ वर्षांत त्या घराने काय भोगले असेल? त्याची मुले बापाच्या भरपाईची वाट पाहत पाहतच मोठी झाली असतील.

आता भरपाईच्या रकमेकडे वळू, कारण येथे एक निर्णय जणू आपल्याच ज्ञातीसाठी दिलेला आहे. ओडिशातील एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना १९६८ साली एक सुतार पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे, की कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे एक हात जाणे ही अंशतः हानी आहे, पूर्ण नव्हे. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की सुतारकाम एका हाताने होऊ शकत नाही. सबब हा माणूस आपल्या धंद्याला शंभर टक्के मुकला आहे. आयुक्तांनी ठरविलेले ९,८०० रुपये, त्यावर निम्मा दंड व ६ टक्के व्याज कायम झाले. शिवाय भरपाईची देणेदारी निकालाच्या दिवसापासून नसून अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, हेही तेथेच ठरले. एका हाताने लाकूड धरावे आणि दुसऱ्याने हत्यार चालवावे, ही आपल्या बापजाद्यांनी जाणलेली गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केली.

हिशेबाची रीत प्रत्येकाने समजून घ्यावी. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के व कायमची पूर्ण असमर्थता आल्यास ६० टक्के घ्यावयाचे, आणि त्यास वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. ४० व्या वर्षाचा गुणक १८४.१७ आहे. म्हणजे १२,००० रुपये वेतन असलेला ४० वर्षांचा माणूस दगावला तर ६,००० गुणिले १८४.१७, अर्थात ११,०५,०२० रुपये होतात. त्याच माणसाचा अंगठा गेला तर परिशिष्टात ३० टक्के हानी धरली आहे. ७,२०० गुणिले १८४.१७ याचे ३० टक्के म्हणजे ३,९७,८०७ रुपये. आता मला सांगा, वखारवाल्याने दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवले, दवाखान्याचे बिल भरले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली, तर तो सौदा कोणाच्या लाभाचा? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडले. बोट गेले, मालकाने काही रक्कम दिली, आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली त्याची सही घेतली. त्याची समजूत अशी, की सही झाली म्हणजे हक्क संपला. वास्तविक आपला हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक ठरविला आहे. तडजोड झाली तरी ती अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. मालकाने परस्पर विधवेच्या हाती दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. लबाडांच्या तावडीतून विधवेचे व पोरक्या मुलांचे रक्षण व्हावे हाच या तरतुदीचा हेतू आहे.

‘चूक आमचीच होती, मग मागावे कसे?’ असेही पुष्कळ जण म्हणतात. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. नशेत असणे, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणे अथवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढणे, या कारणांनीच मालकाला नकार देता येतो; आणि मृत्यू वा कायमची पूर्ण असमर्थता आली असेल तर तोही देता येत नाही. कंत्राटदाराने हात वर केले तर ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाकडे मागता येते. १९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. पण मुदत कितीही असो, दिवस मोजत बसू नये. राज्य विमा योजना लागू असेल तेथे मात्र लाभ विमा महामंडळाकडून घ्यावयाचा असतो, हे ध्यानात असू द्यावे.

येथवर हक्काचे झाले. आता हा हक्क ज्यांच्या हातून आपल्यापर्यंत येतो, त्यांच्याविषयी बोलतो.

पहिला हात डॉक्टरचा. परिशिष्टात नसलेल्या दुखापतीत कमाईची शक्ती किती घटली हे डॉक्टरच्या दाखल्यावरून ठरते. त्याच्या लेखणीच्या एका आकड्याने घर उभे राहते वा कोसळते. १९५० च्या सुमारास शाळेत शिकलेल्या पिढीला डॉक्टर म्हणजे देव वाटे, आणि पुष्कळ डॉक्टर आजही तसेच आहेत. पण २०१० साली मोटार अपघाताच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाला असे बजावावे लागले, की ज्यांनी रोग्यावर उपचारच केलेले नाहीत अशांचे सढळ हाताने दिलेले दाखले न्यायाधिकरणांनी सावधपणे पाहावेत. पायाची ४५ टक्के हानी म्हणजे कमाईची ४५ टक्के हानी नव्हे. माणसाचा धंदा पाहून हिशेब करावा, असेही तेथे सांगितले आहे. खोटा दाखला मालकाच्या बाजूने दिला तर गरीब बुडतो. कामगाराच्या बाजूने फुगवून दिला तर उद्याच्या खऱ्या जखमीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे खोटा वा दिशाभूल करणारा दाखला दिल्यास नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. त्याच नियमांत असेही आहे, की रोग्याने आपल्या उपचारांचे कागद मागितले तर ते ७२ तासांच्या आत दिले पाहिजेत. हा नियम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दवाखान्यातून बाहेर पडतानाच हे कागद मागावेत.

दुसरा हात वकिलाचा. ‘जिंकलो तर निम्मे तुमचे, निम्मे माझे’ असा करार पुष्कळांना सोयीचा वाटतो, कारण आरंभी पैसे द्यावे लागत नाहीत. परंतु १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मुंबईच्या एका वकिलाने अशिलाशी वसुलीच्या ५० टक्क्यांचा असाच करार केला होता, आणि तो व्यावसायिक गैरवर्तन ठरला. काही काळ त्याची वकिली बंद झाली. दाव्याच्या फलात वाटा ठरविणे हे वकिलाला आजही निषिद्ध आहे. कारण उघड आहे. ज्याचा स्वतःचाच वाटा दाव्यात अडकला, तो न्यायालयाचा सेवक व अशिलाचा सल्लागार राहत नाही; तो भागीदार होतो.

१९७५ साली मुंबईतीलच दुसरे प्रकरण झाले. फौजदारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या अशिलांवर झडप घालणारे, एकमेकांशी ओढाताण करून कामे मिळविणारे काही वकील होते. महाराष्ट्राच्या वकील परिषदेच्या शिस्त समितीने त्यांना दोषी धरले, अखिल भारतीय परिषदेच्या समितीने सोडून दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते सोडणे चूक ठरविले. वकिली ही बाजारातली दुकानदारी नव्हे, हा त्या निर्णयाचा सारांश आहे. आज रुग्णालयाच्या दाराशी वकीलपत्रावर सही घेण्यासाठी कोणी दलाल उभा असेल, तर त्याला हाच न्याय लावावा.

२००० सालचा निर्णय असा, की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. अशील दुसरा वकील नेमू इच्छित असेल तर कागद परत दिलेच पाहिजेत. फीसाठी निराळा मार्ग आहे.

आणि २००२ चा निर्णय ऐकताना मन विषण्ण होते. जमीन संपादनाच्या भरपाईचे ८,११८ रुपये एका वृद्ध, निरक्षर, गरीब अशिलाचे होते. त्याच्या वकिलाने ते १९८७ साली न्यायालयातून काढून घेतले व त्याला दिले नाहीत. तक्रार झाली तेव्हा तडजोड झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्रही पुढे करण्यात आले. वकील परिषदेने तीन वर्षे वकिली बंद केली. तो वकीलच शिक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे न्यायमूर्तींना ती शिक्षा अपुरी वाटली, आणि त्यांनी त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढून टाकले. रक्कम लहान होती, पण विश्वासघात लहान नव्हता.

मी वकीलवर्गाची निंदा करीत आहे असा समज कोणी करून घेऊ नये. दावा हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की साधी चूक वा निष्काळजीपणा यांना, त्यांत नैतिक दोष नसेल तर, गैरवर्तन म्हणता येत नाही. रागाच्या भरात तक्रार करणे हाही अन्यायच आहे. पण खरोखर अपहार वा फसवणूक असेल तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे राज्याच्या वकील परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. समज, निलंबन वा नाव काढणे अशा शिक्षा होतात, आणि वर अपिलेही आहेत. डॉक्टरविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जावे. तक्रार कागदावर उभी राहते. म्हणून दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत, आणि भरपाईची रक्कम थेट आपल्याच बँक खात्यात, ही तीन पथ्ये पाळावीत.

आता एक कटू गोष्ट बोलतो, आणि ती आपल्याच घरातली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आज वखारी व कारखाने आहेत, आणि याचा मला अभिमान आहे. तेथे गावाकडून आणलेला भाचा, पुतण्या, शेजाऱ्याचा मुलगा यंत्रावर उभा केला जातो. त्याचे नाव कोणत्याही वहीत नसते. त्याला ‘घरचाच आहे’ म्हणतात. त्याची बोटे गेली की मात्र तो घरचा राहत नाही. ज्ञातीचे नाते भरपाई टाळण्यासाठी वापरणे यासारखे ज्ञातीला लांच्छन नाही. आपल्या कारखानदार बंधूंनी हजेरी व वेतनाची वही ठेवावी, करवतीचे कवच काढू देऊ नये, आणि अपघाताचा विमा उतरावा. जे स्वतःच्याच दुकानात एकटे राबतात त्यांच्याकडून भरपाई देणारा मालकच नसतो. त्यांनी तर विमा उतरावाच.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. ज्ञातीत कोठेही अपघात झाल्याची वार्ता येताच आठ दिवसांच्या आत कागद गोळा करून देणारे दोन सेवक मंडळाने नेमावेत, आणि त्यांनी कोणाकडूनही एक पैसा घेऊ नये. अशा प्रकरणांची एक नोंदवही ठेवून अर्ज केव्हा केला, हुकूम केव्हा झाला व रक्कम विधवेच्या वा जखमीच्या खात्यात केव्हा पडली हे त्यात लिहावे. शेवटची तारीख पडल्याखेरीज प्रकरण मिटले असे मानू नये. तिसरी सूचना आपल्या तरुणांसाठी. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकून आज आपली काही मुले-मुली डॉक्टर व वकील झाली आहेत. त्यांनी दरमहा एक दिवस या कामासाठी द्यावा. आपण ज्या शिष्यवृत्तीवर शिकलो, तिचे पैसे रंधा मारणाऱ्या हातांनी दिलेले आहेत, याची त्यांनी आठवण ठेवावी.

सुताराला सांध्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. लाकूड उत्तम असले तरी सांधा ढिला असेल तर पलंग डुगडुगतो. कायदा हे लाकूड आहे, न्यायालयांनी ते घासूनपुसून दिले आहे. ते आणि गरिबाचे घर यांमधला सांधा म्हणजे डॉक्टर, वकील, मालक आणि आपण सारे. तो सांधा घट्ट बसविणे आपल्या हाती आहे.